कलकत्त्यांतील मनोविश्लेषण आणि राजसत्ता

इ. स. १९२२ च्या आरंभीं कलकत्त्याहून व्हिएन्नास पेन्सिलीनें काढलेलें एक चित्र गेलें. डॉ. गिरीन्द्रशेखर बोस यांचे स्नेही, चित्रकार यतीन्द्रकुमार सेन, यांनीं मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉईड यांस न पाहतां केवळ कल्पनेनें त्यांची मुद्रा रेखाटली होती. आपणांस यांत पुरता इंग्रज करून टाकला आहे, असें फ्रॉईड यांनीं एका परिचित विदुषीस कळविलें. ही गोष्ट गमतीची म्हणून सांगतात. आम्हांस ती साधन म्हणून महत्त्वाची वाटते. रुग्ण आपल्या मनांतील वडील माणसाची छाया चिकित्सकावर टाकतो, असें या शास्त्राचें मत आहे. परतंत्र देशांत ती छाया कोणाची पडते, हें त्या चित्रावरून दिसतें.

त्याच वर्षीं बोस यांनीं इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी स्थापिली. रांची येथील युरोपियनांकरितां असलेल्या वेड्यांच्या इस्पितळाचे सुपरिंटेंडेंट बर्कले-हिल आणि लष्करी अधिकारी डॅली हे इंग्रज तिचे सभासद होते. बर्कले-हिल यांनीं १९२१ सालीं हिंदूंचा धर्म व स्वभाव यांचें मूळ बालपणींच्या मलविसर्जनविषयक वासनांत दाखविलें. डॅली यांनीं १९३० सालीं क्रांतिकारक चळवळीचें कारण राज्यकारभारांत न शोधतां अबोध मनांत शोधलें. वास्तविक या चिकित्सेंत रुग्ण आपण होऊन येतो, बोलतो, चिकित्सकानें लाविलेला अर्थ नाकारूंही शकतो. येथें जो समाज कोचावर कधीं निजलाच नाहीं, त्याचें निदान राज्यकर्त्यांपैकीं दोघांनीं परस्पर केलें. यास चिकित्सा म्हणणें कठीण आहे.

बोस यांची रीत निराळी. रुग्णाच्या इच्छेच्या उलट असणारी इच्छा ते स्वतः होऊन त्याच्यापुढें मांडीत. फ्रॉईड यांच्या अलिप्ततेपेक्षां ही रीत गुरुशिष्यांच्या नात्यास जवळची आहे. युरोपियन रुग्णांत शिश्नच्छेदाचें भय जितकें ठळक असतें तितकें हिंदी रुग्णांत आढळत नाहीं, असें त्यांनीं १९२९ च्या पत्रांत फ्रॉईड यांस कळविलें. तेथें हा फरक रुग्णांचा म्हणून येतो. आमच्या मतें तो नात्याचाही असावा. बंगाली रुग्ण आपल्याच समाजांतील वडीलधाऱ्या वैद्यापुढें बोले. युरोपियन रुग्ण जित लोकांपैकीं एकाच्या हवालीं आपलें मन करी. दोघांची भीति एका मापानें कशी मोजावी?

विरुद्ध इच्छांची ही उपपत्ति फ्रॉईड यांस पटली नाहीं. स्नेह मात्र राहिला. १९३१ सालीं त्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसानिमित्त कलकत्त्याहून विष्णूची हस्तिदंती मूर्ति गेली. मनोविश्लेषणानें परदेशीं मिळविलेल्या विजयांची ती आठवण देत राहील, असें फ्रॉईड यांनीं उत्तरीं लिहिलें.