वृक्षांची कूज आणि काष्ठविघटक कवके : एका वैज्ञानिक आकलनाचा इतिहास

प्रस्तावना :

बुंध्यावर अळिंबे उगवलेला, आतून पोखरलेला वृक्ष हे मानवाला प्राचीन काळापासून परिचित असलेले दृश्य आहे. परंतु अळिंबे उगवली म्हणून लाकूड कुजले, की लाकूड कुजले म्हणून अळिंबे उगवली, या प्रश्नाचा उलगडा होण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ओक, मॅपल, बर्च यांसारख्या कठीण लाकडाच्या रुंदपर्णी वृक्षांच्या संदर्भात हे आकलन कसे बदलत गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. पुरावा समोर असणे आणि त्याचा योग्य अर्थ लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

परिणाम की कारण?

अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश आरमाराची जहाजे ओकच्या लाकडावर अवलंबून होती. साहजिकच वृक्षांची कूज हा शासनाच्या चिंतेचा विषय ठरला. राजउद्यानाचा प्रमुख विल्यम फोर्सिथ याने शेण, चुना, लाकडाची राख व वाळू यांचा लेप वृक्षांच्या जखमांवर सुचविला आणि १७९१ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. या लेपासाठी त्याला शासनाकडून इनामही मिळाले. रोगाचे कारण अज्ञात असतानाच उपाय मात्र राजमान्य झाला होता.

१८३३ मध्ये जर्मन वनशास्त्रज्ञ थिओडोर हार्टिग यांना कुजलेल्या लाकडात सूक्ष्म तंतू आढळले. तथापि, वनस्पतीच्या पेशींचेच कवकात रूपांतर होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. निर्जीव किंवा कुजक्या द्रव्यातून जीव आपोआप निर्माण होतो, या तत्कालीन समजुतीशी तो सुसंगत होता. पुढे १८५३ मध्ये अँटन डी बारी यांनी तांबेरा व काणी या पिकांवरील रोगांचे कारण कवकच असल्याचे प्रतिपादन केले, तर १८६० च्या दशकाच्या प्रारंभी लुई पाश्चर यांच्या प्रयोगांनी स्वयंजननाच्या कल्पनेला जबर धक्का दिला.

या बदललेल्या वैचारिक वातावरणात थिओडोर यांचे पुत्र रॉबर्ट हार्टिग यांनी तोच पुरावा नव्याने तपासला. बुंध्यावरील अळिंब आणि लाकडातील तंतू ही एकाच सजीवाची अंगे आहेत, तसेच निरनिराळी कवके लाकडात निरनिराळ्या प्रकारची कूज घडवितात, हे त्यांनी १८७४ व १८७८ च्या ग्रंथांतून दाखवून दिले. यांपैकी दुसऱ्या ग्रंथात सूचिपर्णी वृक्षांबरोबर ओकच्या कुजीचाही सविस्तर अभ्यास आहे. पित्याने जे परिणाम मानले, ते पुत्राने कारण ठरविले.

विघटनाची प्रक्रिया :

पेशीभित्तिकेतील सेल्युलोजच्या तंतूंना हेमिसेल्युलोज व लिग्निन यांचे वेष्टन असते. यांपैकी लिग्निन विघटनास अत्यंत चिवट. तपकिरी कूज घडविणारी कवके मुख्यतः सेल्युलोज व हेमिसेल्युलोज यांचे विघटन करतात. मागे राहिलेले तपकिरी लाकूड चौकोनी तुकड्यांत भंगते. ही कूज प्रामुख्याने सूचिपर्णी वृक्षांत आढळते. रुंदपर्णी वृक्षांत विशेष आढळणाऱ्या पांढऱ्या कुजीची कवके मात्र लिग्निनचेही विघटन करतात. त्यामुळे लाकूड फिकट व तंतुमय होते. हे कार्य घडविणाऱ्या विकरांपैकी लिग्निन पेरॉक्सिडेज याचा शोध १९८३ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे लावला.

वृक्षाचा प्रतिकार :

हार्टिग यांच्या मांडणीत कवकाला कर्तेपण मिळाले. वृक्षाच्या प्रतिसादाकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. ही उणीव अमेरिकी वनसेवेतील ॲलेक्स शिगो (१९३०–२००६) यांनी भरून काढली. यांत्रिक करवतीने हजारो वृक्ष उभे चिरून त्यांनी कुजीची वाटचाल पाहिली. वृक्षाची जखम प्राण्याप्रमाणे भरून येत नाही. वृक्ष ती बंदिस्त करतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९७७ मध्ये त्यांनी मांडलेल्या प्रतिमानात अशा चार भिंती आहेत. खोडाच्या उभ्या दिशेने होणारा प्रसार रोखणारी भिंत सर्वांत दुबळी, तर जखमेनंतर तयार होणाऱ्या नव्या काष्ठाचे रक्षण करणारी सर्वांत बळकट असते.

याचा व्यावहारिक अर्थ गंभीर होता. कुजलेली ढोली निरोगी लाकूड लागेपर्यंत खरवडून सिमेंटने भरणे आणि फांदी खोडालगत सपाट छाटणे या रूढ पद्धतींमुळे वृक्षाने उभारलेली किंवा त्याला उपजत लाभलेली तटबंदीच मोडली जात होती. जखमेवरील लेपही कूज रोखू शकत नाहीत, असे शिगो यांच्या प्रयोगांत दिसून आले.

समारोप :

थिओडोर हार्टिग यांची दृष्टी अधू नव्हती. त्यांच्या काळाने त्यांना दिलेली चौकट अपुरी होती. फोर्सिथच्या लेपापासून सिमेंटच्या भरावापर्यंतचे उपाय सद्हेतूने झाले, परंतु वृक्ष स्वतः काय करतो हे न जाणता झाले. आपल्या शहरांतही पावसाळ्यापूर्वी फांद्यांची छाटणी होते. त्या वेळी फांदीच्या बुडाशी असलेला फुगीर कंठ राखून छाट घेतला जातो की नाही, यावर त्या वृक्षाचे पुढील आयुष्य बऱ्याच अंशी अवलंबून असते. ज्ञानाचा इतिहास अभ्यासण्याचे प्रयोजन येथे केवळ वैचारिक राहत नाही.