जुन्या वाड्यांतील वायरिंग

जुने नाशिक व पंचवटी या भागांतील वाड्यांत पूर्वी लाकडी पट्ट्यांवरून रबरी आवरणाच्या तारा नेल्या जात. कालांतराने हे रबर कडक होऊन तडकते आणि उघड्या तारेची ठिणगी तुळयांपर्यंत पोहोचू शकते. अशा जोडणीत बहुधा अर्थिंगही नसते. म्हणून केवळ फ्यूजच्या जागी एमसीबी बसवून भागत नाही. एमसीबी जादा भार व शॉर्टसर्किटपासून तारांचे रक्षण करतो. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीतून बसणारा धक्का तो रोखेलच असे नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि अर्थिंग, दोन्ही आवश्यक ठरतात. नव्या तांब्याच्या तारा दिव्यांसाठी सामान्यतः १.५, तर गीझरसाठी ४ चौरस मिलिमीटरच्या घेतात. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवून घ्यावे.