परमहंस सभा : पावाच्या तुकड्याने बांधलेले गुपित

१८४९ साली मुंबईत काही सुशिक्षित तरुण गुपचूप एकत्र जमू लागले. मंडळीचे नाव परमहंस सभा. प्रेरणा दादोबा पांडुरंग तर्खडकरांची, म्हणजे मराठीचे व्याकरण लिहिणारे तेच दादोबा. अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर. बैठकीच्या आरंभी आणि शेवटी मराठीतून प्रार्थना होत असे.

या सभेचा दीक्षाविधी विलक्षण होता. नव्या सभासदाने जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा करावयाची आणि तिथेच ती कृतीत आणावयाची: ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावयाचा, मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावयाचे.

आज हे किरकोळ वाटेल. तेव्हा एवढ्यावरून माणूस वाळीत पडे. मग मुलीला स्थळ मिळत नसे, घरी भटजी येत नसे, प्रेताला खांदा द्यायला कोणी नसे.

विधीची खरी ताकद इथेच आहे. पाव सर्वांनीच खाल्लेला. दुसऱ्याचे नाव फोडणाराही त्यात अडकलेलाच. शपथ मोडता येते, पोटात गेलेला घास परत घेता येत नाही.

त्याच मुंबईत १८४३ पासून ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही फ्रीमेसन मंडळींची शाखा होती आणि तिची दारे हिंदी लोकांनाही खुली होती. तिथे शिकाऊ, कारागीर, उस्ताद अशा चढत्या पायऱ्या. प्रत्येक पायरीचा विधी वेगळा, खुणा आणि परवलीचे शब्दही वेगळे. माणूस हळूहळू आत ओढला जाई. परमहंस सभेत अशी शिडी नव्हती. सगळी चढण उंबरठ्यावरच!

सभासद हजार झाले की जातिबंधन उघडपणे मोडायचे, असा सभेचा बेत होता. एकट्याला वाळीत टाकणे सोपे, हजारांना टाकणे कठीण. हिशेब चुकीचा नव्हता. पण हजार मोजायचे तर नावे कागदावर हवीत, आणि घात झाला तो कागदांमुळेच. १८६० मध्ये सभेचे दप्तर चोरीला गेले, नावे बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. एकमेकांच्या भीतीने बांधलेली माणसे बाहेरच्या भीतीपुढे टिकली नाहीत. त्यांना भ्याड म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल.

१८६७ मध्ये दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज निघाला. तो उघड होता, पण जात मोडण्याची अट त्यात नव्हती. न्यायमूर्ती रानडे याच समाजाचे धुरीण. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनच्या चहापानाला ते हजर होते, टिळकही होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले.