आत्मनेपद गेलं कुठं? यजमानापासून स्पॅनिशच्या 'से'पर्यंत

आपल्या अमरावती-अकोल्याकडचं पोरगं स्पॅनिश शिकायला बसलं की एका जागी हमखास अडकतं. 'लेबांतो' म्हणजे मी उचलतो, आणि 'मे लेबांतो' म्हणजे मी उठतो. हे इंग्रजीतून समजावलं की 'मी स्वतःला उचलतो' असं काहीतरी विचित्रच होऊन बसतं. मग वाटतं, आपलं इंग्रजीच कच्चं आहे. पण इंग्रजीची गरजच काय? आपल्याकडे याचा जुना इतिहास आहे.

पाणिनीच्या संस्कृतात क्रियापदाची दोन रूपं. 'पचति', म्हणजे दुसऱ्यासाठी रांधतो. 'पचते', म्हणजे स्वतःसाठी. फळ करणाऱ्यालाच मिळालं तर आत्मनेपद, दुसऱ्याला मिळालं तर परस्मैपद. यज्ञ करतो पुरोहित, तो 'यजति'. पुण्य मिळतं ज्याला, तो 'यजते', म्हणजेच यजमान! हा शब्द आपण आजही रोज वापरतो.

पुढं प्राकृतात आत्मनेपद झिजत गेलं. तेराव्या शतकात आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' लिहिलं, तोवर मराठी क्रियापदातून ते गेलेलं होतं.

तिकडं लॅटिनमध्येही असंच झालं. क्रियापदाची जुनी रूपं बोलण्यातून गेली आणि त्यांचं बरंचसं काम 'से' या छोट्या शब्दावर आलं. गंमत म्हणजे हा 'से' आणि आपला 'स्व' एकाच मुळातून आलेले आहेत. म्हणजे नात्यातलेच!

मग मराठीनं काय केलं? 'घेणे' आणि 'देणे' कामाला लावले. 'लिहून दे' म्हणजे माझ्यासाठी, 'लिहून घे' म्हणजे तुझ्यासाठी. आपली आई म्हणते 'जेवून घे'. 'जेवून दे' असं कोणी म्हणत नाही, कारण जेवणाचं फळ जेवणाऱ्यालाच. तसंच 'उठवणे' आणि 'उठणे', 'भिजवणे' आणि 'भिजणे'. तिथं मराठी क्रियापदच बदलते, स्पॅनिश 'मे, ते, से' जोडते.

म्हणून 'मे लाबो लास मानोस' ऐकलं की 'हात धुऊन घेतो' असं समजा. 'बोय' म्हणजे जातो, 'मे बोय' म्हणजे निघतो. सगळीकडे हे जुळणार नाही. 'आर्रेपेंतिर्से', म्हणजे पस्तावणे, याला 'से' कायमचा चिकटलेला; तो पाठच करावा लागतो.

पण सुरुवात घरच्या मराठीतूनच करा. परकी भाषा शिकायला मध्ये इंग्रजीचा पूल लागतोच असं नाही. भेटू पुढच्या भागात!