मुंबईचा डिस्को दांडिया
डिस्कोथेक, म्हणजे वाद्यवृंदाऐवजी ध्वनिमुद्रिकांवर नाचण्याची जागा, मुंबईत प्रथम बड्या हॉटेलांच्या आश्रयाने आली आणि तिथला प्रवेश मोजक्या श्रीमंतांपुरता राहिला. मात्र ‘कुर्बानी’ (१९८०) हा चित्रपट, गायिका नाझिया हसन यांचा ‘डिस्को दीवाने’ (१९८१) हा अल्बम आणि ‘डिस्को डान्सर’ (१९८२) हा चित्रपट यांनी डिस्कोचा ठेका कॅसेटमार्फत चाळींपर्यंत पोहोचवला. त्याच सुमारास संगीतकार कल्याणजी-आनंदजी यांचे धाकटे बंधू बाबला यांनी गरब्याच्या चालींना इलेक्ट्रॉनिक वाद्यांची आणि डिस्कोच्या अखंड चार मात्रांच्या ठोक्याची जोड देऊन ‘डिस्को दांडिया’ लोकप्रिय केला. या बदलाचे खरे महत्त्व आयोजनात दिसते, कारण नवरात्रात देवीच्या घटाभोवती फेर धरणाऱ्या वस्तीच्या उत्सवाला आता मैदान, मंच, ध्वनिवर्धक, रंगीत दिवे, तिकीट आणि प्रायोजक यांची आखणी आवश्यक झाली, आणि परंपरेने भक्तिगीते गाणाऱ्या स्त्रियांचा आवाज मंचावरच्या व्यावसायिक गायकांमागे दबला, ही हानी लहान मानता येत नाही. पुढे ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धकास मनाई केली. सण-उत्सवांसाठी वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला मिळाल्यामुळे आयोजकांचे वेळापत्रक त्या मोजक्या रात्रींभोवती बांधले गेले.