‘महल’चा पहिला अंधार

पुण्यात सिनेमा शिकणाऱ्या एका तरुण मित्राला भयपटाची सुरुवात लिहून द्यायची होती. फक्त पाच मिनिटांची. त्याने दाखवलेल्या कागदावर कवटी होती, रक्त होतं, तीनदा आपटणारं दार होतं. कॅमेरा कुठे ठेवायचा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, ‘‘आधी ‘महल’ बघ, मग बोलू.’’

‘महल’ १९४९चा. मालाडच्या बॉम्बे टॉकीजने काढलेला. त्याआधी ‘पुकार’ लिहून नाव कमावलेल्या कमाल अमरोहींचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट. हिंदीत भुताटकीच्या आणि पुनर्जन्माच्या चित्रपटांची जी परंपरा पुढे चालली, तिची सुरुवात बहुतेक अभ्यासक इथूनच धरतात. गंमत म्हणजे या चित्रपटात भूत नाही. तरीही पहिल्या काही मिनिटांत अंगावर काटा येतो. तो कशाने, हे बघण्यासारखं आहे.

वादळी रात्र. अलाहाबादजवळची एक ओसाड हवेली. तिचा नवा मालक शंकर, म्हणजे अशोककुमार, तिथे येतो. म्हातारा माळी त्याला वास्तूची कहाणी सांगतो. ज्याने ही हवेली बांधली, तो रोज मध्यरात्री नावेतून येई आणि पहाटेआधी निघून जाई. कामिनी त्याची दिवसभर वाट बघे. एका वादळात नाव बुडाली. मी परत येईन, असं सांगून तो गेला. काही दिवसांनी कामिनीही गेली.

माळी एवढंच सांगतो. पुढचं काम वस्तू करतात. शंकर खोलीत जातो आणि भिंतीवरची एक तसबीर खाली पडते. तसबिरीतला माणूस हुबेहूब त्याच्यासारखा. घड्याळात दोनचे ठोके पडतात. कुठूनतरी एका बाईचा गाता आवाज येतो. तो आवाजाच्या मागे जातो. झोपाळ्यावर एक मुलगी दिसते, पण तो जवळ पोहोचेपर्यंत निघून जाते. तसबीर, घड्याळ, झोपाळा. त्या काळच्या कुठल्याही श्रीमंताघरी सापडतील अशा या वस्तू. त्यांच्यात भीतिदायक काहीच नाही. भीती आहे ती त्यांच्या क्रमात. आधी कहाणी कानावर पडते, म्हणून तसबीर पडते तेव्हा ती फक्त तसबीर राहत नाही. हाच प्रसंग कहाणीच्या आधी ठेवला असता, तर प्रेक्षक म्हणाला असता, खिळा सैल असेल.

कॅमेरा जोसेफ वर्शिंग यांचा. म्युनिकच्या एमेल्का स्टुडिओकडून ‘लाइट ऑफ एशिया’च्या चित्रीकरणासाठी ते १९२५च्या सुमारास हिंदुस्थानात आले. पुढे बॉम्बे टॉकीजसाठी त्यांनी ‘अछूत कन्या’सारखे चित्रपट टिपले. दुसरं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा इंग्रज सरकारने जर्मन नागरिक म्हणून त्यांना नजरकैदेत टाकलं. सुटल्यावर ते परत कॅमेऱ्याकडे आले. जर्मन सिनेमाने विसाव्या दशकात एक गोष्ट शिकवली होती. खोली उजळू नका, खोलीचा एखादाच भाग उजळा. उरलेला अंधार प्रेक्षक स्वतः भरतो. ‘महल’मध्ये चेहऱ्याचा अर्धा भाग काळोखात असतो, खांबांच्या सावल्या माणसांपेक्षा मोठ्या असतात आणि ती मुलगी आधी लांबूनच दिसते. कॅमेरा शंकरपेक्षा जास्त काही पाहत नाही. त्याला जेवढं दिसतं, तेवढंच आपल्याला.

आवाजाचंही तसंच. ‘आएगा आनेवाला’ गाताना सुरुवातीच्या ओळींसाठी मायक्रोफोन खोलीच्या मधोमध ठेवला होता आणि लता मंगेशकर कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या, हे त्यांनीच नंतर सांगितलं आहे. म्हणून तो स्वर लांबून येतो, जवळ येतो. संगीत खेमचंद प्रकाश यांचं, शब्द नक्शब जारचवी यांचे. १९४२ साली पुण्यात वडील दीनानाथ गेले, तेव्हा लतादीदी बारा वर्षांच्या होत्या. सात वर्षांनी हे गाणं आलं, तेव्हा रेकॉर्डवर त्यांचं नाव नव्हतं. गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरचं पात्र. ऐकणाऱ्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा कुठे खरं नाव सांगितलं गेलं.

इथे थोडं थांबून त्या वर्षांकडे बघायला हवं. फाळणी नुकतीच झाली होती. अशोककुमार आणि पारशी सावक वाच्छा बॉम्बे टॉकीज चालवत होते. सआदत हसन मंटोने अशोककुमारवर लिहिताना नोंदवलं आहे की, स्टुडिओत मुसलमानांना महत्त्वाची कामं दिली म्हणून वाच्छांना निनावी धमक्यांची पत्रं येत होती. स्टुडिओ जाळण्याची भाषा होती. अशोककुमार आणि वाच्छा बधले नाहीत. मंटो मात्र जानेवारी १९४८मध्ये लाहोरला निघून गेला. कमाल अमरोही राहिले. ज्या आवारात खऱ्या भीतीची पाकिटं येत होती, त्याच आवारात एका मुसलमान दिग्दर्शकाने, एका पारशी आणि एका बंगाली निर्मात्याच्या भरवशावर, कालपर्यंत शत्रू ठरवलेल्या जर्मनाच्या कॅमेऱ्यातून, सोळा वर्षांच्या मधुबालाला घेऊन ही हवेली उभी केली. संकलक होते बिमल रॉय.

त्या काळात देशभर किती घरं मालकांविना पडली होती आणि किती घरांत नवे मालक जुन्यांच्या भिंतींकडे बघत उभे होते! अमरोहींच्या मनात हे होतं की नाही, यावर मी दावा करत नाही. पण १९४९च्या प्रेक्षकाला ओसाड हवेली आणि भिंतीवर राहून गेलेली तसबीर नवीन नव्हती.

आणि ते भूत? शेवटी कळतं की ती आशा आहे, त्याच माळ्याची मुलगी. ती हवेलीच्या आवारात, ती कहाणी ऐकत वाढली. पहिल्या प्रसंगात बाप मालकाला गोष्ट सांगत उभा असतो. त्याला घर असेल, लेक असेल, हे मालकाच्या मनातही येत नाही आणि आपल्याही. मालकाला नसलेली कामिनी दिसते, असलेली आशा दिसत नाही. चित्रपट दुसऱ्यांदा बघितला की भीती वाटत नाही, थोडी शरम वाटते.

मित्राने ‘महल’ बघून कागद नव्याने लिहून आणला. कवटी गेली होती. एक दिवा होता, एक बंद खोली होती आणि दिवा धरणारा एक नोकर होता. मी विचारलं, ‘‘याचं नाव काय?’’ तो जरा वेळ गप्प बसला, मग खिशातून पेन काढलं.