पान्हा हातात घेण्याआधी: चंदगडच्या एका जीपची गोष्ट

बेळगाव परिसरात जुनी जीप बाळगणाऱ्या कुणालाही विचारा, त्याची जीप एक तर इटलीत लढलेली असते, नाहीतर गोवा मुक्तीत गेलेली असते. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, आणि डिसेंबर १९६१ मध्ये १७ इन्फंट्री डिव्हिजनची जमवाजमवही याच भागात झाली. तेव्हा अशा गोष्टी घरोघरी असणारच. पण त्या तपासायच्या कशा?

तीन वर्षांपूर्वी चंदगड तालुक्यातल्या एका परिचितांच्या गोठ्यातून एक जीप बाहेर काढली. त्यांच्या वडिलांनी ती लष्कराच्या लिलावात घेतली होती. आधी काजूच्या गोण्या वाहिल्या, मग कित्येक वर्षं ती कडब्याखाली पडून होती. "बाबा म्हणायचे, ही गोव्याला गेलती. तुम्हीच बघून सांगा सर," असं ते म्हणाले. मी तीस वर्षं कारखान्यात यंत्रं सांभाळलेली. म्हटलं, साधं चार सिलिंडरचं इंजिन आहे, सहा महिन्यांत उभी करू. पहिल्याच आठवड्यात बॉडी उतरवली आणि सँडब्लास्टिंगला पाठवली. पत्रा चकचकीत होऊन परत आला, तेव्हा आम्ही पेढे वाटले.

त्यानंतर मी वाचायला बसलो. क्रम उलटा झाला होता.

या गाड्यांची माहिती दुर्मीळ नाही. अमेरिकन लष्कराचं टीएम ९-८०३ हे फेब्रुवारी १९४४ चं पुस्तक मुळात ड्रायव्हर आणि पलटणीतल्या मिस्त्रींसाठी लिहिलेलं आहे. कुठल्या नळीला किती मैलांनी ग्रीस द्यायचं, इथपासून त्यात सगळं आहे. इंजिनासाठी टीएम ९-१८०३ ए, गिअर, अ‍ॅक्सल आणि बॉडीसाठी ९-१८०३ बी. महिनाभर ही पुस्तकं वाचली असती तर पुढच्या निम्म्या चुका टळल्या असत्या.

पहिली गोष्ट म्हणजे गाडी कोणाची ते ओळखणं. महायुद्धात एकाच नमुन्याची जीप दोन कंपन्यांनी बनवली: विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू. दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर. लांबून फरक कळत नाही. रेडिएटरखाली वाकून चासीचा पुढचा आडवा दांडा बघायचा. गोल पाइप असेल तर विलीज, उलट्या पन्हाळीसारखा चौकोनी असेल तर फोर्ड. विलीजचा नंबर चासीच्या डाव्या पट्टीच्या आतल्या अंगाला रिपीट मारलेल्या पट्टीवर असतो. फोर्डचा नंबर डाव्या पट्टीच्या वरच्या अंगाला थेट लोखंडात ठोकलेला असतो, आणि कारखान्यातून निघताना तोच नंबर इंजिनावरही असे. आमच्या गाडीची चासी फोर्ड निघाली आणि इंजिनावर नंबर एमबीचा. गिअरबॉक्स युद्धानंतरच्या नागरी जीपचा होता. मागचा पत्रा कापून बिजागऱ्यांचं फळकं बसवलेलं, तेही गोण्या चढवण्यासाठी. लष्करी जीपला मागे फळकं नसतंच. म्हणजे ही एक गाडी नव्हे, तीन-चार गाड्यांचा संसार. यात कमीपणा काही नाही. लष्कराच्या वर्कशॉपातही इंजिनं अशीच अदलाबदल व्हायची.

फोर्डने आपल्या बहुतेक भागांवर, बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, 'एफ' अक्षर उठवलं होतं. हे मला कळलं तोवर आमच्या मिस्त्रींनी गंजलेले बोल्ट बादलीभर भंगारात घातले होते आणि नवे चकचकीत आणले होते. धावत भंगारवाल्याकडे गेलो, त्यातले अकरा मिळाले.

नव्या बोल्टची वेगळीच कथा. जीपचे बहुतेक बोल्ट अमेरिकन बारीक आट्यांचे. पाच-सोळांश इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर भरतो आणि आपल्या बाजारातला आठ एमएमचा बोल्ट हाताला तसाच लागतो. तेरा नंबरचा पान्हाही अर्ध्या इंचाच्या डोक्यावर बसल्यासारखा वाटतो. पण अमेरिकन बोल्टला इंचाला २४ आटे, आठ एमएमला साधारण २०. जोर लावला की दोन-तीन फेरे जातो, मग आतले आटे खाऊन टाकतो. त्यात इंग्रजी गाड्यांवर शिकलेल्या जुन्या मिस्त्रींकडे व्हिटवर्थचे टॅप असतात, त्यांच्या आट्यांचा कोनच ५५ अंशांचा, अमेरिकन ६० चा. आमच्या इंजिनात तिन्ही पिढ्या सापडल्या. एक साधा आटे मोजायचा गेज आधी घ्यावा, बाकीची हत्यारं नंतर.

विजेचंही तसंच. गाडी सहा व्होल्टची. कुणी 'जोरात स्टार्ट होईल' म्हणून बारा व्होल्टची बॅटरी लावतो आणि बल्ब उडवतो. शिवाय जीपची अर्थ निगेटिव्ह आहे, तर त्या काळच्या मॉरिस-ऑस्टिनवाल्यांना पॉझिटिव्ह अर्थची सवय.

चाकांबाबत मात्र गंमत नको. कॉम्बॅट रिम म्हणजे दोन भाग बोल्टने जोडलेलं चाक. हबचे पाच नट वेगळे, आणि दोन भाग धरून ठेवणारे कडेचे नट वेगळे. टायरमध्ये हवा असताना कडेचे नट सोडले तर रिम फुटल्यासारखी उडते आणि समोरचा माणूस वाचत नाही. आधी व्हॉल्व्हची सुई काढायची, हवा पूर्ण गेल्याची खात्री करायची, मगच पान्हा लावायचा.

आता रंगाबद्दल. युद्धातल्या जीपच्या बोनेटच्या बाजूला अमेरिकन नंबर असायचा, सुरुवातीला २० हा आकडा. नंतर गाडी ज्या सैन्यात, ज्या तुकडीत गेली तिच्या खुणा त्यावर चढत गेल्या. ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं घासला की झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे थर दिसू लागतात, आणि कधी कधी एखादा आकडा, एखादं चिन्ह. ही गाडी गोव्याला गेली का, याचं उत्तर असलंच तर तिथं होतं. मी ते वाळूच्या फवाऱ्यानं एका दुपारीत उडवून टाकलं, तेही पैसे देऊन.

परिचितांना हे सांगायला मला दोन महिने लागले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे बाबांचं खोटं ठरलं नाही ना?" नाही ठरलं. खरंही ठरवता येणार नाही.

मागच्या चाकांवर बॉडीतच हत्यारांचे दोन कप्पे असतात. डाव्या कप्प्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला वाळू पोहोचली नव्हती. तिथं तळहाताएवढा रंग शिल्लक आहे: वर घरचा निळा, खाली दोन वेगवेगळे हिरवे, आणि अगदी तळाशी मळकट ऑलिव्ह. बाकी गाडी रंगवताना तेवढ्या जागेवर आम्ही कागद चिकटवून ठेवला होता. मागचं फळकंही काढलं नाही.